खिळ्याच्या बंदुकीला कुंकू

माझ्या गाडीच्या डिकीत एक सागवानी पट्टी कितीतरी वर्षं पडून होती. हातभर लांब, एका कडेला गोलाई मारलेली, पॉलिश केलेली. दाराची चौकट आणि भिंत यांच्यामधली फट झाकायला मारतात, त्या पट्टीचाच एक तुकडा. तिच्या मधोमध नखाएवढा अर्धचंद्र होता. खिळा पूर्ण आत गेल्यावरही एक ठोका जास्तीचा पडला की हातोड्याची कड लाकडात रुतते, तसा.

हा अर्धचंद्र नव्या रायपूरमधल्या एका बंगल्यात सापडला. मला नाही, तिथल्या आर्किटेक्ट बाईंना. वयाने माझ्या मुलीएवढ्या. घरचे मराठी, चारपाच पिढ्यांपासून इथलेच, पण त्यांच्याशी मराठीत बोललं की उत्तर हिंदीत येतं. त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला आणि तो पट्टीला चिकटवून आडवा धरला. समोरून प्रकाश टाकला असता तर काही दिसलं नसतं. आडव्या प्रकाशात पुट्टीने भरलेला तो खड्डा पुऱ्या घराला दिसला. मालक उभे, मालकाचे सासरे उभे, माझी माणसं उभी, आणि या म्हणाल्या, "काका, इसमें हथौड़ा दिखता है."

मी म्हणालो, "हातोड्याने मारलं तर हातोडाच दिसणार ना मॅडम. की खलबत्ता दिसायला पाहिजे?"

सासरे हसले. पण पट्ट्या उतरवाव्या लागल्याच, आणि ते काम दुसऱ्या कोणाला गेलं. दारं माझी, चौकटी माझ्या, आणि वरचा साज परक्याचा. निघताना मी तो तुकडा उचलून डिकीत टाकला. कशासाठी, तेव्हा सांगता आलं नसतं. डिकी उघडली की तो दिसायचा आणि माझं डोकं तापायचं, एवढं खरं. बायको भाजीची पिशवी ठेवताना एकदा म्हणाली, "काहून फेकत नाही हे? नाही तर एक काम करा, देवघरात ठेवा. रोज हळदकुंकू वाहत जाऊ."

माझे वडील वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीत इथे आले. मीही कुठल्या तरी ऑफिसात चिकटावं अशी त्यांची फार इच्छा होती. मी प्लायवूडच्या गाड्यावर चिकटलो. गाडा ओढला, मग एका फर्निचरवाल्याकडे रंधा मारला, मग पुरानी बस्तीत एका गल्लीच्या टोकाला स्वतःची पत्र्याची शेड टाकली. राज्य नवीन झालं, राजधानी नवीन झाली, धानाच्या शेतांत सेक्टर उभे राहू लागले आणि प्रत्येक सेक्टरला दारं लागत होती. मी भाव करायला शिकलो, भांडायला जन्मतःच येत होतं. कोणाच्या शिफारशीने मला एकही काम मिळालेलं नाही. म्हणून मिळालेलं काम भर लोकांत हातातून काढून घेतलं की ते माझ्या आत राहतं.

म्हणून त्याच बाईंचा पुन्हा फोन आला तेव्हा मी आधी उचललाच नाही. दुसऱ्यांदा उचलला.

"काका, दरवाज़े आपके अच्छे होते हैं," त्या म्हणाल्या. एक मोठं घर होतं, दोन मजली, सगळी लाकूडकामं एकाच माणसाकडे द्यायची होती. दारं, खिडक्या, त्यांच्याभोवतीच्या पट्ट्या, छताच्या कडेची पट्टीसुद्धा. पण आधी एक खोली करून दाखवायची. ती पसंत पडली तर पूर्ण घर माझं. नाही तर दिल्लीहून एक टोळी यायला तयारच होती. दिवस त्यांनीच ठरवला, विश्वकर्मा पूजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

"और काका, हथौड़ा," त्या म्हणाल्या.

"समजलं," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

माझा मिस्त्री अभनपूरच्या बाजूच्या एका गावचा. आम्ही दोघं एकाच फर्निचरवाल्याकडे शिकलो. मी बोलण्याच्या बाजूला सरकलो, तो लाकडाच्या बाजूला राहिला. त्याला सांगितलं की आता पट्टीवर हातोडा चालवायचा नाही, तर त्याने त्याच्या छत्तीसगढीत विचारलं, "त खीला ला का फूँक के भीतर करबो?"

फुंकूनच करतात, हे मला माहीत होतं. मोठ्या साइटवर मी पाहिलं होतं. कंप्रेसरची हवा नळीतून बंदुकीत येते आणि खिळा एका फटक्यात आत जातो, डोकंसुद्धा लाकडाच्या किंचित खाली. वर उरतं ते मुंगीच्या बिळाएवढं छिद्र. पण या घराला अजून विजेचं मीटर लागलं नव्हतं. शेजारून वायर ओढून जेमतेम एक करवत चालायची, कंप्रेसर कुठला चालणार. शिवाय शिडीवर चढलेल्या माणसाच्या पायात ती नळी. मला बॅटरीवर चालणारी पाहिजे होती.

सदर बाजारातून आत वळणाऱ्या एका गल्लीत हत्यारांचं दुकान आहे. दुकानदार माझ्याच वयाचा, गोड बोलणारा आणि एक पैसा न सोडणारा, म्हणून मला आवडणारा. त्याने काउंटरवर तीन मशिनी मांडल्या आणि भाव सांगायला तोंड उघडलं.

मी म्हणालो, "आधी खिळे दाखवा."

"भैया, मशीन देखने आए हो कि कील?"

मशीन एकदा घ्यायची असते, खिळे रोज लागतात. ज्या मशिनीचे खिळे रायपुरात मिळत नाहीत ती मशीन म्हणजे कपाटात ठेवायचं खेळणं. हे मी त्याला सांगितलं नाही, नुसताच बसून राहिलो. त्याने खिळ्यांचे डबे काढले तेव्हा एक मशीन आपोआप बाजूला झाली. तिचे खिळे बाहेरून मागवावे लागत होते.

खिळे मी बराच वेळ हातात घेऊन पाहिले. सुटे नसतात ते. एकाला एक चिकटवलेली, फणीसारखी पट्टी येते. त्यांच्या जाडीला गेज म्हणतात, आणि गेजचा आकडा जितका मोठा तितका खिळा बारीक. हे मला इतकं उलटं वाटलं की मी त्याला दोनदा विचारलं. अठरा गेजचा अगदी सुईसारखा, छिद्र जवळजवळ दिसतच नाही, पण जाड पट्टीला तो धरून ठेवेल याची खात्री वाटेना. सोळाचा जरा अंगाने भरलेला. मी सोळाकडे वळलो. आमची पट्टी सागवानाची, चौकट सरईची, म्हणजे सालाच्या लाकडाची. तिथे अंग लागणारच.

दुसरी मशीन बॅटरीबरोबर गॅसच्या छोट्या नळीवर चालणारी होती. हलकी, देखणी. मी विचारलं, "मे महिन्यात गाडीत राहिली तर?" दुकानदार म्हणाला, नळ्या थंड जागेत ठेवायच्या. रायपूरच्या मे महिन्यात थंड जागा म्हणजे माझ्या घरचा फ्रिज, आणि त्यात बायको मला गॅसच्या नळ्या ठेवू देणार नव्हती. तीही बाजूला.

तिसरी फक्त बॅटरीची. तिचं नाक लाकडावर दाबल्याशिवाय घोडा ओढून काही होत नाही, म्हणजे हवेत खिळा सुटत नाही. नाकाला रबराची टोपी, म्हणजे लाकडावर डाग पडत नाही. बाजूला एक चाक, त्याने खिळा किती खोल जायचा ते ठरतं. मी विचारलं, आत काय आहे? त्याला नीट सांगता येईना. मी कान लावून ऐकलं. नाक दाबल्यावर आत काहीतरी गरगर फिरून वेग घेत होतं आणि घोडा ओढला की तो सगळा वेग एका दांड्याला मिळून दांडा खिळ्याच्या डोक्यावर आदळत होता. म्हणजे आत हातोडाच होता. फक्त तो बाहेर कुठे दिसत नव्हता. मला त्या मशिनीबद्दल जे वाटलं त्याला विश्वास म्हणता येणार नाही, पण ती उघडून बघावी अशी फार इच्छा झाली.

दुकानदाराने दाखवायला पॅकिंगच्या खोक्याची फळी घेतली आणि खिळे टपाटप मारले. सगळे गुडुप. मी पिशवीतून माझा तुकडा काढला. जुन्या, पक्क्या वाळलेल्या सरईचा. त्याने पहिला खिळा मारला, तो अर्धा वर उभा. चाक फिरवून दुसरा मारला, तो वाकला.

"भैया, ये लकड़ी है कि लोहा लाए हो?"

"आमच्याकडे याच्याच चौकटी असतात. तुमच्या घरीही असतील."

मग मी मशीन त्याच्या हातातून घेतली, चार्जरवरची पूर्ण भरलेली बॅटरी लावली, चाक पूर्ण खोलावर नेलं आणि अंगाचा भार देऊन मारला. खिळा आत गेला. सरईवर सागवानाचा तुकडा ठेवून मारला, गेला. मग आम्ही भावावर आलो. त्यात एक चहा झाला, मी दोनदा उठून पायरी उतरलो, त्याने एकदा बोलावलं आणि दुसऱ्यांदा बोलावलं नाही, तेव्हा मीच परत चढलो. शेवटी जास्तीची एक बॅटरी मी त्याच किमतीत काढून घेतली. तो म्हणाला, "आप जैसे दो ग्राहक और आ जाएँ तो मैं गाँव चला जाऊँ."

शेडच्या दाराला इतक्या वर्षांत पट्टी मारायला कोणाला वेळ झाला नव्हता. आम्ही त्या दारावर शिकलो.

पहिली गोष्ट कळली ती बोटांना. मिस्त्रीची सवय अशी की डाव्या हाताचा अंगठा पट्टीच्या कडेला, अगदी खिळ्याशेजारी. खिळा सरळ जातोय की तिरपा, ते त्याला अंगठ्यातून समजतं. मशिनीने मारलेला एक खिळा आत जाऊन सागवानाच्या रेषेबरोबर वळला आणि पट्टीच्या बाजूने बाहेर आला. अंगठ्यापासून तांदळाएवढ्या अंतरावर. मिस्त्रीने अंगठा वर करून पाहिला, मग खिळ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "ये तो देख के नइ चलय."

मी त्याच्यावर ओरडलो, कारण घाबरलो होतो. मग बसून आम्ही एक रद्दी पट्टीचं शेपूट घेतलं आणि मशीन वेगवेगळ्या बाजूंनी धरून मारत राहिलो. मशीन पट्टीच्या लांबीला आडवी धरली तर खिळा वळला तरी पट्टीच्या आतल्या आतच लांबीकडे वळत होता, बाजूने बाहेर येत नव्हता. का, ते मी पट्ट्या चिरून शोधलं. या खिळ्याचं टोक सुईसारखं नसतं, पटाशीसारखं चपटं असतं, आणि त्याची धार ज्या दिशेला, त्यावर त्याचं वळणं. मला इतका आनंद झाला की मी चिरलेल्या पट्ट्या घरी नेऊन बायकोला दाखवल्या. ती म्हणाली, "छान आहे. आता जेवायला बसता का?"

दुसरी गोष्ट कळायला वेळ लागला. पट्टी लागली, छिद्रं बारीक, डाग नाही, आणि तरीही पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट. हातोड्याने मारताना असं कधी होत नव्हतं. मिस्त्री चौकटीसमोर उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. मीही बसलो. मग लक्षात आलं की हातोडा नुसता खिळा मारत नाही, तो ठोक्याठोक्याने पट्टीलाही भिंतीकडे रेटतो. आमच्याकडचं प्लास्टर कुठे फुगलेलं, कुठे दबलेलं, आणि पट्टी त्या ठोक्यांनी त्याच्याशी जुळवून घेते. मशीन एकदाच मारते आणि पट्टी जिथे असेल तिथेच पकडून ठेवते. म्हणजे आधी रेटायचं, मग मारायचं. एका माणसाला ते जमेना. मिस्त्री दोन्ही तळव्यांनी पट्टी दाबायचा, खिळ्याच्या जागेपासून हात लांब ठेवून, आणि मशीन माझ्या हातात. कितीतरी वर्षांनी मी लाकडाला हात लावत होतो.

आणि गुट्ट्या. विटेच्या भिंतीत खिळा जात नाही, म्हणून छताच्या कडेला पट्टी मारायची तर आधी भिंतीत भोक पाडून लाकडाची गुट्टी ठोकतात आणि खिळा त्या गुट्टीत मारतात. मिस्त्री गुट्ट्या सरईच्या उरलेल्या तुकड्यांच्या करायचा, दगडासारख्या. शिडीवरून मशिनीला अंगाचा भार देता येईना आणि खिळा अर्धा वरच राही. आंब्याच्या लाकडाच्या केल्या, काम सुरळीत झालं. त्यालाही पटलं. फक्त त्याने एवढं म्हटलं की आंब्याला कीड लागते, आणि मी म्हणालो की आधी मॅडमची पसंती लागू दे.

मग पूजा आली.

आमच्या धंद्यात त्या दिवशी हत्यार चालवत नाहीत. शेड धुवायची, फोटो मांडायचा, आणि त्याच्यासमोर सगळी हत्यारं ओळीने, रंधे, पटाश्या, करवती, ड्रिल. प्रत्येकाला लाल धागा, कुंकवाचा टिळा, वर अक्षता. अक्षताही कुंकवात कालवलेल्या, तुपाचं बोट लावून, म्हणजे चिकटून राहतात. नवीन मशीन यंदा मधोमध होती. मिस्त्रीने तिच्या नाकालाच टिळा लावला. मी म्हणालो, "बॅटरीला लावा, नाकाला कशाला?"

"भैया, काम तो नाक करथे."

बायकोने आरती केली, बुंदी वाटली. मशिनीकडे बघून म्हणाली, "हिचं तोंड सुसरीसारखं आहे." मग तीही चार अक्षता वाहून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नव्या रायपूरला पोहोचलो. चौकट आधीच बसवलेली, पट्ट्या कापून, पॉलिशचा पहिला हात देऊन तयार. मिस्त्रीने धागा सोडला, नाक फडक्याने पुसलं, पाया पडला. त्याने पट्टी दाबली, मी मारलं. पहिले काही खिळे सुरेख गेले. फक्त प्रत्येक छिद्राभोवती फिकट गुलाबी टिकली उमटली होती. रबराच्या टोपीच्या खाचेत कुंकू राहिलं होतं. मिस्त्री म्हणाला, घासून निघेल. पुढचा खिळा मारायला नाक दाबलं, घोडा ओढला, आणि काहीच झालं नाही. एक लाल दिवा लुकलुकला.

बॅटरी बदलली. तेच. पुढचं झाकण उघडलं, खिळा अडकलेला नव्हता. खिळ्यांची पट्टी काढून दुसरी घातली. तेच.

"काली छुट्टी मिलिस न," मिस्त्री म्हणाला, "आज आलस लगत हे."

मला हसू आलं नाही. संध्याकाळी बाई येणार होत्या आणि खोलीच्या एका दाराची एक बाजूही पूर्ण झाली नव्हती. हातोडा पेटीत होताच. मिस्त्रीने माझ्याकडे न बघता तो बाहेर काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मी तो उचलून परत पेटीत टाकला, मशीन तिच्या डब्यात भरली आणि गाडी काढली.

सदर बाजारात गाडी नेणं म्हणजे स्कूटरच्या पुरात म्हैस सोडणं. मी ती लांबच उभी केली आणि डबा खांद्यावर घेऊन चालत गेलो. दुकानाच्या पायरीवरूनच सुरुवात केली. खोटी मशीन विकली, दाखवलेली वेगळी आणि दिलेली वेगळी, माझं घर हातातून गेलं तर मी इथेच येऊन बसेन. दोन गिऱ्हाइकं उठून गेली. दुकानदाराने शांतपणे डबा उघडला, नाक दाबलं, दिवा पाहिला आणि म्हणाला, "कंपनी को भेजना पड़ेगा."

"कधी येईल?"

"अब कंपनी की बात कंपनी जाने."

"उघडून बघा."

"मैं खोलूँगा तो वारंटी गई, भैया. आप खोलोगे तो भी गई."

मी म्हणालो, तुमची दाखवायची मशीन आजच्या दिवसापुरती द्या. तो नाही म्हणाला. मी आवाज वाढवला. त्याने चहा मागवला. मी म्हणालो चहा नको. चहा आला, मी प्यायलो. शेवटी तो कंटाळून हो म्हणाला, दाखवायची मशीन काढून माझ्यासमोर ठेवली, आणि मी ती उचलून निघणार होतो.

निघालो असतो तर बरं झालं असतं, पण दोन मशिनी शेजारी शेजारी पडलेल्या, सारख्याच. मला राहवेना. मी त्याचीच फळी घेतली आणि एकदा त्याच्या मशिनीचं नाक दाबलं, एकदा माझ्या. पुन्हा. डोळे मिटून दाबलं. त्याचं नाक आत जाऊन टेकत होतं. माझं अगदी शेवटी, टेकायच्या आधी, काहीतरी बारीक चावल्यासारखं करून थांबत होतं. बॅटरी काढली, टॉर्च मागितला, आणि सरळ न धरता आडवा धरला, बाईंनी धरला होता तसा. नाक ज्या खाचेतून मागे सरकतं तिच्या तळाशी एक लाल दाणा.

दुकानदाराने टाचणी दिली. मी दाणा काढला, बॅटरी लावून नाक दाबलं, आणि या वेळी ते सरळ जाऊन टेकलं. दाणा त्याने दोन बोटांत घेतला, उजेडात धरला आणि काउंटरच्या काचेवर ठेवला.

"भैया," तो म्हणाला, "ये कंपनी ने नहीं डाला."

मी काचेवरच्या तांदळाकडे बघितलं. मग त्याच्या मागे बघितलं. खिळे मोजून द्यायच्या त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर कालचा टिळा होता, धागा होता, आणि बटणांच्या फटीत अक्षता भरल्या होत्या. मी बोटाने दाखवलं. त्यानेही मान वळवून बघितलं. मग त्याने ती दाखवायची मशीन उचलून शोकेसमध्ये परत ठेवली.

"इतका लांब आलो," मी म्हणालो, "तकलीफ म्हणून खिळ्यांचा एक डबा तरी द्या."

"तकलीफ़ किसको हुई?"

टाचणी मात्र मी त्याला न विचारता खिशात घातली.

परत गेल्यावर मिस्त्रीला दाणा सापडल्याचं सांगितलं. मला वाटलं तो ओशाळेल. तो म्हणाला, "त ठीक हे. मैं सोचेंव कुछू बिगड़ गे होही." आणि पट्टी दाबायला उभा राहिला. मलाही मग ओरडायला काही सापडेना. उन्हं उतरेपर्यंत आम्ही एका लयीत काम केलं. तो रेटायचा, हात लांब घ्यायचा, मान हलवायचा, मी मारायचो. वर छताच्या कडेला शिडीवरून, खाली गुडघ्यावर बसून. छिद्रांत लाकडाच्या रंगाची पुट्टी बोटाने भरली. गुलाबी टिकल्या बारीक कागदाने घासल्या, वरून पॉलिशचं फडकं फिरवलं. हत्यारं आवरली.

बाईंच्या गाडीचा आवाज आला तेव्हा खिडकीतून ऊन आडवं येत होतं, आणि त्या उन्हात मला एक टिकली दिसली. दाराच्या वरच्या पट्टीला, कोपऱ्याजवळ. राहून गेलेली. शिडी बाहेर गेली होती. मिस्त्रीलाही ती दिसली. तो खुर्चीसारखं काही शोधायला लागला. मी त्याला थांबवलं.

मी आयुष्यभर सौदे केले आहेत. मालात खोट असेल तर ती गिऱ्हाइकाच्या आधी आपण दाखवायची. मग गिऱ्हाईक दुसरी शोधत नाही. निदान नेटाने शोधत नाही.

बाई आल्या. टॉर्च लावला, पट्टीला टेकवून आडवा धरला आणि एका दारापासून खोलीभर फिरल्या. कुठे बोट फिरवलं, कुठे नख घालून फट पाहिली. नख गेलं नाही. मी दाराशी उभा होतो. त्या वरच्या पट्टीजवळ आल्या, टॉर्च तिथे पोहोचायच्या आधी मी म्हणालो, "मॅडम, तिथे कोपऱ्यात एक डाग आहे. कुंकवाचा. काल पूजा होती, मशिनीला लावलं होतं. सकाळी निघून जाईल."

त्यांनी टाचा उंचावून बघितलं. हसल्या. "पूजा का है? रहने दीजिए काका."

"राहू द्यायचा?"

"अच्छा लग रहा है. रहने दीजिए."

आता खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पूर्ण घर हातात येत होतं. पण इतकी वर्षं डिकीत घेऊन फिरलेली गोष्ट. मी म्हणालो, "मग त्या वेळचा हातोडा का नाही राहू दिला? तोही एवढाच होता. तोही चुकूनच पडला होता."

मला वाटलं होतं त्यांना आठवणार नाही. त्यांना आठवत होतं. त्यांनी टॉर्च बंद केला आणि जरा विचार करून म्हणाल्या, "काका, ये तो आपने खुद बताया. वो मुझे ढूँढना पड़ा था."

मी म्हणालो, "विचारलं असतं तर तोही सांगितला असता."

"हाँ," त्या म्हणाल्या, "शायद." आणि मग, दारातून बाहेर पडताना, जणू दुसऱ्याच कामाचं बोलत असल्यासारखं, "कल से ऊपर वाला फ़्लोर शुरू कर लीजिए."

त्यांची गाडी गेल्यावर मिस्त्रीने विचारलं, "का कहिस?"

"पूरा घर अपना."

"अउ टीका?"

"रहने दो बोली."

त्याने त्या कोपऱ्याकडे एकदा बघितलं आणि समाधानाने मशिनीचा डबा उचलला. मी डिकी उघडली. पट्टी तिथेच होती. डबा ठेवायला जागा करावी म्हणून ती बाजूला सरकवली. तो 'शायद' मला अजून पटलेला नाही.